आरारात: डोळ्यांसमोर, पण सीमेपलीकडे

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानमध्ये, आभाळ निरभ्र असलं की गच्चीवरून आरारात पर्वत दिसतो. उंची ५,१३७ मीटर, माथ्यावर बारमाही बर्फ. आर्मेनियाच्या राजमुद्रेवर तो आहे, ब्रँडीच्या बाटलीवरही आहे. पर्वत मात्र तुर्कस्तानात! आणि मधली सीमा तुर्कस्तानने १९९३मध्ये, काराबाखवरून आर्मेनिया आणि अझरबैजान लढत असताना अझरबैजानची बाजू घेत, बंद केली.

दुखणं त्याहून जुनं. २४ एप्रिल १९१५ रोजी ऑटोमन सरकारने इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी उचलले. पाठोपाठ गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली. लाखो माणसं मेली. बहुतेक इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात. माणसं मेली हे तुर्की सरकारला मान्य आहे, पण पहिल्या महायुद्धात दोन्हीकडची होरपळ झाली, असं त्याचं म्हणणं.

या कात्रीत सापडले ह्रांत डिंक. इस्तंबूलच्या ‘आगोस’ साप्ताहिकाचे आर्मेनियन वंशाचे संपादक. तुर्की अस्मितेचा अपमान केल्याबद्दल कोर्टाने त्यांना दोषी ठरवलं. खरं तर परदेशस्थ आर्मेनियनांनाही तुर्कांचा द्वेष सोडा, असं ते खडसावत. हे फारसं कुणी ध्यानात घेतलं नाही. १९ जानेवारी २००७ रोजी कचेरीबाहेर त्यांना गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत हजारो तुर्क ‘आम्ही सगळे आर्मेनियन’ असे फलक घेऊन चालले.

पुढच्याच वर्षी तुर्की राष्ट्राध्यक्ष गुल फुटबॉल सामन्यासाठी येरेव्हानला गेले. २००९मध्ये झुरिकला दोन्ही देशांत सीमा उघडण्याचा करारही झाला. दोन्ही संसदांनी तो मंजूर केलाच नाही.