फिर्याद कोणापुढें?

सातारा तालुक्यांतील अपशिंगे गांवाच्या नांवाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. घरटीं एक तरी शिपाई, अशी त्या गांवाची ख्याति. साताऱ्यासच १९६१ सालीं देशांतील पहिली सैनिक शाळा निघाली. २०२१ पासून सर्व सैनिक शाळांत मुलींनाही प्रवेश मिळूं लागला, आणि २०२५ च्या मे महिन्यांत खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून १७ तरुणी शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. सातारा-सांगलीकडील ज्या घरांतून आजवर मुलगे पलटणींत गेले, त्याच घरांतून आतां कन्याही जाणार. अशा घरांनीं आवर्जून पाहावा असा एक अमेरिकन अनुबोधपट आहे.

कर्बी डिक यांचा ‘द इन्व्हिजिबल वॉर’ हा तो पट, २०१२ सालचा. त्यांत नटनट्या नाहींत. स्वतःच्याच सैन्यांतील सहकाऱ्यांचा बलात्कार सोसलेल्या स्त्रिया, आणि कांहीं पुरुषही, त्यांत आपल्या तोंडानें बोलतात. तटरक्षक दलांतील एका तरुणीचा जबडा अत्याचाराच्या वेळीं मोडला. पुढें कित्येक वर्षें ती औषधोपचारासाठीं सरकारी कचेरीचे उंबरठे झिजवीत होती. शत्रूच्या गोळीनें तो मोडला असता, तर इतके हेलपाटे पडले असते काय?

परंतु पटाचा रोख एकट्यादुकट्या अपराध्यावर नाहीं. खटला भरावयाचा कीं नाहीं, हें त्या काळीं तुकडीचा प्रमुखच ठरवीत असे. आरोपी त्याच्या हाताखालचा, कधीं त्याचा स्नेही. ज्याच्या पलटणीची अब्रू जाणार, त्याच्याकडेच न्याय मागावयाचा! संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनीं हा पट पाहिला आणि २०१२ च्या एप्रिलांत तो अधिकार निदान कर्नलच्या दर्जाच्या वरिष्ठाकडे सोंपविला. स्वतंत्र सैनिकी वकिलांकडे तो देणारा कायदा व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें.

आपल्याकडील व्यवस्था १९५० च्या सेना-कायद्यांत आहे. शिपायानें नागरिक स्त्रीवर बलात्कार केल्यास खटला एरवीं मुलकी न्यायालयांत चालतो; युद्धसेवा, परदेश व सरहद्दीवरील ठाणीं एवढे अपवाद. पीडित स्त्री स्वतःच सैन्यांत असेल, तर मात्र सैनिकी न्यायालयाचाही मार्ग मोकळा राहतो. मुलीला धाडतांना आईबाप पगाराची, राहण्याजेवणाची कसून चौकशी करतात. या कलमांची कोणी करीत नाहीं. दोहोंपैकीं कोणत्या न्यायालयांत खटला जावा, हें १२५ व्या कलमान्वयें प्रथम सेनाधिकारीच ठरवितो.