भिलाईचे पाणी : कर्ज आणि अनुदान

भिलाई म्हटले की पोलादच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु झोतभट्टीदेखील पाण्यावाचून चालत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. त्यातील साहाय्य हे दान नव्हते, अडीच टक्के व्याजाने फेडावयाचे कर्ज होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. तांदुला जलाशयाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात आले, आणि कारखान्याच्याच खर्चाने कामगारवसाहतीत नळ व गटारेही आली.

वसाहतीबाहेर मात्र कारखान्याची थैली पोहोचत नाही. सुपेल्यासारख्या वस्त्यांचा भार महानगरपालिकेवर. तिला शिवनाथेचे पाणी शुद्ध करून घरोघर पोहोचवावयाचे असते. अशा वेळी अनुदानाकडे पाहावे लागते. जून २०१५ मध्ये केंद्राने आरंभिलेल्या ‘अमृत’ योजनेत भिलाईचा समावेश झाला. त्या योजनेत दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहराला निम्मा खर्च केंद्राकडून मिळे, तोही वीस, चाळीस, चाळीस टक्के अशा तीन हप्त्यांनी; आधीच्या कामाचा हिशेब पटल्याखेरीज पुढचा हप्ता मिळत नसे. हे योग्यच म्हणावयास हवे. पण याच नियमांनी जमीनखरेदी व नोकरवर्गाचा पगार अनुदानातून वगळला होता. म्हणजे टाकी बांधण्यास पैसा मिळे. मात्र पहाटे पंप सुरू करणाऱ्या माणसाचे वेतन, विजेचे देयक आणि फुटलेल्या नळाची दुरुस्ती पाणीपट्टीतूनच भागवावी लागते. ती पट्टी ज्या वस्तीतून कमी येते, तिलाच नळाची निकड सर्वांत अधिक असते.