वारा कुठून आहे ते सांगणारी माणसं

अंधेरी ते मुलुंडच्या वस्त्यांमध्ये मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. घाटकोपरला गटाची बैठक असली की दर दोन-तीन मिनिटांनी बोलणं थांबवावं लागतं, कारण विमान अगदी पत्र्यावरून गेल्यासारखं जातं. एकदा हप्त्याचा हिशेब चालू असताना एका ताईने विचारलं, "एवढी विमानं एकामागोमाग येतात, त्यांना कोण सांगतं कुठे उतरायचं ते?" मी कला शाखेची, मला तरी काय ठाऊक! मग विचारून, वाचून जे कळलं ते आज सांगते.

तुम्ही खळ्यावर उफणायला उभ्या राहता तेव्हा आधी काय बघता? वारा कुठून आहे ते. वैमानिकही पहिल्यांदा तेच विचारतो. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणजे वाराच त्याचा वेग आवरायला मदत करतो. पावसाळ्यात मुंबईत वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्याच्या अंगाने येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून टेकतात. मोठ्या धावपट्टीच्या त्या टोकाला 27 असा आकडा रंगवलेला असतो. 27 म्हणजे होकायंत्रावर 270 अंश, थेट पश्चिम. दुसऱ्या टोकाला 09, म्हणजे पूर्व. आकडा वाचला की दिशा कळली.

आता सांगणाऱ्या माणसांकडे येऊ. मुंबईसारख्या मोठ्या विमानतळावर सुमारे 84 मीटर उंच नियंत्रण मनोरा आहे. तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे नियंत्रक बसतात. दिवसाला नऊशेच्या आसपास विमानांची ये-जा असते आणि दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे हुकूम लागतो. थांब, उतर, वळ. त्यांच्या परवानगीशिवाय चाक टेकत नाही.

पण जगात हजारो छोट्या धावपट्ट्या अशा आहेत की तिथे हुकूम देणारा कोणीच नसतो. अमेरिकेतल्या अलास्का राज्याचं बघा. तिथल्या कित्येक गावांना रस्ताच नाही. किराणा, टपाल, आजारी माणूस, सगळं छोट्या विमानाने ये-जा करतं. तिथे उड्डाण सेवेचे कर्मचारी रेडिओवर वैमानिकाला सल्ला देतात. वारा कुठून आणि किती, त्या वाऱ्याला कोणती पट्टी सोयीची, हवेचा दाब किती, आसपास आणखी कोणाचं विमान आहे, पट्टीवर बर्फ किंवा जनावर आहे का. कधी हा कर्मचारी त्या गावात नसतोही. दूर बसून यंत्रावरचा वारा वाचून सांगतो. तो "उतर" म्हणत नाही, "उतरू नको" असंही म्हणत नाही. माहिती त्याची, निर्णय वैमानिकाचा.

या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. आसपास दुसरं विमान असल्याची खबर नसेल, तर हा कर्मचारी "विमान नाही" असं म्हणत नाही. "विमान असल्याचं कळवण्यात आलेलं नाही" असं म्हणतो. फरक केवढा आहे! एखाद्याने रेडिओच लावला नसेल, तर तो आकाशात असूनही याला कळणार नाही. ते ऐकून वैमानिक डोळे उघडे ठेवतो. "नाही" ऐकलं असतं तर निर्धास्त झाला असता. आपल्याकडे कोणी विचारलं, "बँकेचे साहेब आलेत का?" तर आपण सहज "नाही" म्हणून मोकळ्या होतो, खरं तर आपल्याला ते फक्त दिसलेले नसतात. आणि समोरची बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते, ती परत जाते.

हवेच्या दाबाचं काय एवढं, असं वाटेल. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. आजचा, त्या ठिकाणचा दाब लावला तरच आकडा खरा. वादळी हवेत दाब उतरतो. त्यात 10 हेक्टोपास्कलची चूक राहिली तर उंची सुमारे 300 फुटांनी चुकते. 300 फूट म्हणजे आमचा तो मनोरा पूर्ण झाकला जाईल, त्याहून जास्त. ढगातून खाली येणाऱ्या वैमानिकाला वाटतं मी वर आहे, आणि जमीन जवळ आलेली असते. म्हणून दाबाचा आकडा सांगितला की वैमानिकाने तो पुन्हा म्हणून दाखवायचा असतो. चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्ती. आकडेही जपून उच्चारतात. इंग्रजीतले फाइव्ह आणि नाइन खरखरीत सारखे ऐकू येतात, म्हणून नऊला "नाइनर" म्हणतात.

एवढं करूनही घोटाळे झालेत, आणि ते आपल्या उपनगरातच. जुहूचं विमानतळ 1928 सालचं. जे. आर. डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादला थांबून, याच जुहूला उतरले. पुढे सांताक्रूझचं मोठं विमानतळ झालं. दोन्ही जवळजवळ, आणि त्यांच्या मुख्य पट्ट्याही साधारण एकाच दिशेच्या. समुद्राकडून येणाऱ्याला आधी जुहू लागतं. 1953 मध्ये एक ब्रिटिश कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. नशीब, धड राहिलं. 24 सप्टेंबर 1972 ला सकाळी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 विमान तसंच जुहूला उतरलं. ती पट्टी एवढ्या मोठ्या विमानाला कुठे पुरणार! विमान पट्टी ओलांडून पुढे गेलं. काही प्रवाशांना दुखापत झाली, कोणी दगावलं नाही, पण विमान कामातून गेलं. आज जुहूला मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात. समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कामगारांना नेणारी हेलिकॉप्टरं तिथूनच जातात.

आगाऊ सूचना हाही याच कामाचा भाग आहे. तिला नोटॅम म्हणतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्याआधी दुरुस्तीला काही तास बंद ठेवतात. 9 मे 2024 ला सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद होत्या आणि ते कितीतरी आधी कळवलेलं होतं. त्यानंतर चारच दिवसांनी, 13 मे ला, धुळीचं वादळ आलं. घाटकोपरला जाहिरातीचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसं गेली. त्याच वादळात विमानतळावरची ये-जा थांबवली, विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवली. वरच्या माणसांना वाऱ्याची खबर मिनिटामिनिटाला मिळत होती. खाली पंपावर आडोशाला थांबलेल्यांना कोण सांगणार होतं? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पक्षी दिसले तरी मनोऱ्यावरून वैमानिकांना सावध करतात. पक्षी इंजिनात गेला तर विमान धोक्यात येतं. पक्षी येतात उघड्यावरच्या कचऱ्याला, मांस-मासळीच्या घाणीला. 1937 च्या विमान नियमांतच विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला मनाई आहे. कचऱ्याची गाडी वस्तीत रोज येत नाही, हेही तितकंच खरं. आमचे काही गट त्यासाठी वॉर्ड ऑफिसला खेटे घालतात. मिरवणुकीतला लेझरचा झोत वैमानिकाच्या डोळ्यांवर गेला तर त्याला क्षणभर काही दिसत नाही. पोलिसांचे त्यावर मनाई आदेश निघालेले आहेत, मंडळाच्या पोरांना ते सांगायला हवं.

आता मुलींसाठी. नियंत्रकाच्या कामाला बारावीला विज्ञान, पुढे भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंगची पदवी लागते. प्राधिकरण परीक्षा घेतं, वयाची अट साधारण 27 वर्षांची, राखीव प्रवर्गांना सवलत. स्पष्ट इंग्रजी बोलता यायला हवं. निवड झाली की प्रशिक्षण मिळतं. प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आपल्या गोंदियातही आहे.

आणि एक. "विमानतळावर लावून देतो" म्हणणाऱ्या एका माणसाला आमच्या वस्तीतल्या एका घराने गटाच्या कर्जातले पैसे दिले. तो आता फोन उचलत नाही, हप्ते मात्र ती ताई फेडते आहे. प्राधिकरणाची जाहिरात त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते आणि अर्ज तिथेच भरायचा असतो. कोणी घरी येऊन पैसे मागितले तर देऊ नका, आधी गटात विचारा.