ट्रम्पेटचा माउथपीस कसा निवडावा?

(विहाराच्या वर्धापन दिनी बँड पथकातील मुले व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



धम्मावर बोलणारी जाणकार मंडळी व्यासपीठावर आहेत. आम्ही पडलो पथकाला शिकवणारी माणसं. तेव्हा आमच्या कामाचंच दोन शब्द बोलतो.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वाडवडिलांपैकी कितीतरी जणांनी गावकीचं वाजवणं सोडलं. दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजवायला हुकूम सुटे, पंगतीला मात्र लांब बसवत. म्हणून काही वडीलधारी आजही विचारतात, "विहारात पुन्हा बाजा कशाला?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच की, ते लादलेलं होतं, हे आपण निवडलेलं आहे. मात्र स्वतः निवडलेली विद्या समजून-उमजून शिकली पाहिजे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर मुलं ओठ सुजवून घरी येतात, ट्रम्पेट सोडतो म्हणतात, आणि आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आणलेला माउथपीस डब्यात पडून राहतो. हे थांबावं, म्हणून आजचा विषय.

माउथपीसमध्ये चार गोष्टी बघायच्या. ओठ टेकतात ती कड, आतली वाटी, वाटीच्या तळाचं भोक आणि ट्रम्पेटमध्ये बसते ती दांडी. कडेचा व्यास मोठा आणि वाटी खोल असली की सूर भरदार येतो, खालचे सूर मोकळे होतात. पण ओठांना ताकद जास्त लागते. व्यास लहान आणि वाटी उथळ असली की आवाज धारदार होतो, वरच्या सुरांना थोडा आधार मिळतो. पण खालचे सूर पातळ पडतात. वाटी फारच उथळ असली तर ओठ तळाला टेकतो आणि आवाजच बंद होतो.

ट्रम्पेटचा पल्ला साधारण अडीच सप्तकांचा. मुलांना वाटतं, उथळ वाटी घेतली की तार सप्तक हातात आलं. तसं नसतं. वरचे सूर श्वासाच्या जोरावर आणि ओठांच्या कोपऱ्यांच्या बळावर येतात. माउथपीस फक्त मदत करतो. तोंडावर दाबून सूर चढवला की ओठांतलं रक्त अडतं, ओठ बधिर होतात, आणि अर्ध्या वाटेत मुलगा गप्प होतो.

म्हणून आपण सर्वांत उंच कोणता सूर काढतो यावर निवड करू नका; सर्वांत जास्त कुठे वाजवतो ते बघा. नवीन मुलांचं बहुतेक वाजवणं मध्य सप्तकात असतं. त्यांना बाख कंपनीच्या मापाचा ७सी किंवा ५सी पुरे; व्यास सुमारे १६.२ मिलिमीटर. खालची जोड वाजवणारा, ओठ तयार झालेला वादक ३सी घेऊ शकतो, पुढे दीड सी. त्याचा व्यास १७ मिलिमीटर. मिरवणुकीत तास-तास वरची चाल धरणाऱ्याने उथळ वाटी जरूर बघावी, पण आधी साध्या माउथपीसवर त्याचे वरचे सूर स्थिर झालेले असावेत.

दुकानात एक घोटाळा होतो, तो लक्षात ठेवा. बाखमध्ये आकडा लहान तर व्यास मोठा, यामाहामध्ये आकडा मोठा तर व्यास मोठा. अक्षरांचंही उलटंच. बाखची ए वाटी खोल, ई उथळ. यामाहाची ए उथळ, ई खोल. यामाहाचा ११बी४ हा बाखच्या ७सीच्या जवळपास बसतो. इतर कारखान्यांच्या मालावर तोच आकडा असला तरी माप तेच असेल असं नाही. कर्नेटची दांडी बारीक असते, ती ट्रम्पेटला नीट बसत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितलं, कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा. दुकानदाराचं नको, आमचंही नको. एकच चाल, एकच ट्रम्पेट, दोन माउथपीस घ्या. आधी खालचे सूर, मग मधले, मग वरचे. दमल्यावर पुन्हा तेच वाजवा. खरी परीक्षा दमलेल्या ओठांची. पसंत पडला की दोन-तीन आठवडे बदलू नका, ओठांना सवय व्हायला वेळ लागतो.

सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. तो गृहस्थपणी वीणा वाजवी. तार फार ताणली तरी वीणा बोलत नाही, फार सैल सोडली तरी नाही, हे तथागतांनी त्याला त्याच्याच वाद्यावरून पटवलं. ओठांचंही तसंच आहे. रोज थोडं वाजवा, मध्ये विसावा घ्या.

आणि स्वच्छता. एकाचा माउथपीस दुसऱ्याने तसाच तोंडाला लावू नये. कोमट पाणी, साबण आणि ब्रशने धुवावा. कडेवरचा मुलामा उडून पितळ उघडं पडलं असेल तर तो वापरू नका, ओठाला त्रास होतो.

समितीला आमची एक विनंती आहे. तीन-चार मापांचे माउथपीस विहारात ठेवावेत. मुलांनी ते धुऊन, वाजवून बघावेत आणि मगच पालकांनी पैसे खर्चावेत. गरिबाच्या घरचा एक रुपयाही वाया जाऊ नये आणि एकाही लेकराने बिनकारणी वाद्य खाली ठेवू नये, एवढीच आमची इच्छा.

जय भीम! नमो बुद्धाय!