संकल्प कशाचा करावा?

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषण)



आज श्रीनाथांच्या शिखरावर कलश चढला. सर्वांचे डोळे निवले. या मंगल प्रसंगी ज्यांनी द्रव्य दिले, ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी नुसता वेळेला शब्द दिला आणि पाळला, त्या सर्वांचे अभिनंदन करणे हे पहिले कर्तव्य आहे. पण कौतुकाबरोबरच या कामाने गावाला जो एक धडा शिकविला, त्याची उजळणी आज झाली पाहिजे. नाहीतर कलश वर राहील आणि धडा खाली मातीत जाईल.

सर्वांना आठवत असेल, पहिल्या ग्रामसभेत ठराव झाला होता की, दोन वर्षांत कलश चढवायचा. ठराव चांगला होता, टाळ्याही पडल्या. परंतु देणगी किती येईल, पाऊस कसा लागेल, सिमेंटचा भाव कुठे जाईल, यांतील एकही गोष्ट गावाच्या हातची नव्हती. दोन वर्षे सरली तेव्हा जोत्याच्या वर काम गेले नव्हते. माणसे हिरमुसली. एकमेकांकडे बोट दाखविणे सुरू झाले. बैठकीला येणाऱ्यांची संख्या रोडावली.

त्या वेळी काही जाणत्या मंडळींनी तारीख बाजूला ठेवली आणि तीनच गोष्टी ठरविल्या. दर रविवारी घरटी एक माणूस श्रमदानाला. सुगीला घरटी एक पायली धान्य. आणि दर अमावास्येला आरतीनंतर जमाखर्चाचे मोठ्याने वाचन. या तिन्ही गोष्टी गावाच्या हातातल्या होत्या. रविवार पाळला की नाही, हे त्याच संध्याकाळी कळत होते. त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागत नव्हते. कलश त्यामागून आला.

सज्जनहो, संकल्प दोन प्रकारचे असतात. एक फळाचा आणि दुसरा कृतीचा. फळाच्या संकल्पात दहा जणांचा आणि दैवाचा वाटा असतो. कृतीचा संकल्प मात्र ज्याचा त्याच्या हातात असतो. या दृष्टीने एका थोर पुरुषाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

कर्व्यांचा जन्म १८५८ सालचा. गाव कोकणातले मुरुड. १८७५ साली त्यांना सहाव्या इयत्तेची सरकारी परीक्षा द्यावयाची होती आणि परीक्षेचे ठिकाण होते सातारा. आजच्यासारख्या मोटारगाड्या नव्हत्या. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, सोबत्यांबरोबर सुमारे ११० मैल चालत हा सतरा वर्षांचा मुलगा साताऱ्यास पोहोचला. तेथील अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि परीक्षेस बसण्याइतके वय दिसत नाही म्हणून त्याला परत पाठविले. अंगकाठी लहान, एवढाच अपराध! इतकी पायपीट करून प्रश्नपत्रिकाही दृष्टीस पडली नाही.

येथे विचार करावा. अधिकाऱ्याच्या मनात काय येईल, हे त्या मुलाच्या हातात होते काय? नव्हते. अभ्यास आणि चालणे त्याच्या हातात होते आणि त्यात त्याने कसूर केली नव्हती. तो पुन्हा अभ्यासाला लागला. पुढे ती परीक्षा तो पास झाला. मॅट्रिक होईपर्यंत वयाची २३ वर्षे झाली. १८८४ साली ते बी. ए. झाले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले.

१८९३ साली त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्याच मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. लोक काय म्हणतील, हेही आपल्या हातात नाही, हे त्यांनी सोसून जाणले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला, तेव्हा तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता. कॉलेजचे काम आटोपले की अण्णा पायी हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायी कॉलेजात हजर होत. समाज केव्हा सुधारेल, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. आज हिंगण्यास जाणे झाले की नाही, एवढाच हिशेब ठेवला. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! फळाकडे पाहून पाऊल टाकणारा माणूस तेथेच परत फिरला असता. तेच विद्यापीठ आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने नांदते आहे. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापिले आणि लहान लहान वर्गण्यांसाठी ते हिंडले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्या वेळी ते शंभर वर्षांचे होते.

आता कोणी म्हणेल, ही महर्षींची गोष्ट झाली, आपण साधी माणसे. पण कृतीचा संकल्प खरा साध्या माणसासाठीच आहे. दहावीचा मुलगा म्हणतो, यंदा पहिला वर्ग काढणार. पेपर कसा निघेल, हे त्याला ठाऊक नाही. त्याऐवजी त्याने ठरवावे की, पहाटे पाच ते सात बसेन आणि रोज दहा गणिते पाटीवर नव्हे, वहीत सोडवीन. शेतकरी म्हणतो, यंदा एकरी इतकी पोती काढणार. मृगाचा पाऊस त्याचा बांधील नाही. पण पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजणे त्याच्या हातात आहे. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. एखाद्याला दारू सोडायची असते. ‘पुन्हा शिवणार नाही’ ही शपथ मोडली की तो खचतो. त्याने इतकेच ठरवावे की, दिवेलागणीला गुत्त्याच्या वाटेने न जाता देवळात भजनाला बसेन. आजचा दिवस गेला, उद्याचे उद्या.

मात्र कृतीचा संकल्प म्हणजे फळाकडे पाठ फिरविणे नव्हे. महिनाभर गणिते सोडवूनही चाचणीत गुण वाढले नाहीत, तर गुरुजींना विचारून पद्धत बदलली पाहिजे. फळ हे गुरुजींच्या शेऱ्यासारखे आहे. शेरा वाचावा, चूक दुरुस्त करावी. पण शेऱ्यासाठी रडत बसू नये. तसेच कृती लहान असावी, तिची वेळ आणि जागा ठरलेली असावी आणि तिची नोंद व्हावी. कचेरीत बारनिशीला नोंद नसलेला कागद आला काय आणि गेला काय, सारखेच. घरातल्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारली तरी पुरे. एक दिवस चुकला तर चुकला. दुसरा चुकू देऊ नये.

शेवटी एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जुने देऊळ शत्रूने पाडले नव्हते. शिखराच्या सांध्यात पिंपळाचे बोटभर रोप उगवले, ते वेळीच कोणी काढले नाही. पन्हळीत पाला साचला, पाणी भिंतीत मुरले. प्रत्येकाला वाटत होते, देऊळ टिकले पाहिजे. इच्छा सर्वांची होती, काम कोणाचेच ठरले नव्हते. नव्या देवळाचेही तसेच होईल, जर आज नुसते ‘देऊळ शंभर वर्षे टिको’ असे म्हणून आपण प्रसाद घेऊन घरी गेलो.

म्हणून सर्व ग्रामस्थांना विनंती आहे. आज जाण्यापूर्वी सभामंडपातील वहीत प्रत्येक आळीने एक काम आपल्या नावावर लिहावे. मृगापूर्वी पन्हळ साफ करणे, दिवाळीनंतर शिखर तपासून रोपे मुळासकट काढणे, दर रविवारी आवार झाडणे, अमावास्येला जमाखर्च वाचणे. बाहेरगावच्या बंधूंनी मोठ्या रकमेची वाट न पाहता, जमेल ती लहान रक्कम ठरलेल्या महिन्यात पाठवावी. वहीत पूर्ण झालेल्या कामापुढे तारीख पडावी. ज्या आळीच्या कामापुढे तारीख नसेल, तिला कोणी बोल लावू नये. शेजारच्या आळीने झाडू घेऊन मदतीला जावे.

हातातले काम हातून घडत राहो, बाकीचे पाहण्यास श्रीनाथ समर्थ आहेत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

बोला, भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!