धातूस न दुखविता



नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा आपण पाहिलीच असेल. १७३९ साली वसई सर झाली, त्या विजयाची ती खूण. तिच्यावर १७२१ हा सन आहे. ऊनपावसातील काशावर हिरवट थर चढतो. तो सर्वच घातक नसतो. घट्ट थर आतील धातूचे रक्षण करितो. मात्र फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली, तर क्षार धातूस पोखरीत आहेत असे समजावे.

आतील स्थिती धातू न खरवडताही पाहता येते. उष्णतेचे चित्र घेणारा कॅमेरा पृष्ठाखाली सुटलेले थर दाखवितो. क्ष-किरण ओतकामातील पोकळ्या व भेगा उघड करितात.

तरुणपणी एका शाळेची जुनी घंटा मी दरवर्षी मुलांकडून चिंच व विटकरीच्या चुऱ्याने घासून घेत असे. घंटा लखलखली, पण तिच्यावरील अक्षरे गेली, ती कायमची. ती काय होती, हे मी कधी उतरूनही घेतले नव्हते.

म्हणून विनंती एवढीच, की गावातील धातूचा पुतळा जयंतीस घासू नये. दरवर्षी एकाच जागेवरून, तिरप्या उन्हात त्याचे छायाचित्र घ्यावे व दोन वर्षांची चित्रे मुलांपुढे ठेवावीत. डाग वाढला काय, हे त्यांनाच शोधू द्यावे. हाही विज्ञानाचाच पाठ होय.