कार्बनची सायकल घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकल हा एके काळी आपल्याकडे पोटापाण्याचा विषय होता. कारखान्याचा भोंगा, शाळेची घंटा, दुधाचा रतीब, सगळ्यांच्या वेळा सायकलच सांभाळायची. मधल्या काळात ती जिन्याखाली गेली आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौस म्हणून, व्यायाम म्हणून पुन्हा बाहेर आली. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे राइड्स महाराष्ट्रात नेमाने होऊ लागल्या. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी केली. अशा बातम्या वाचून अनेकांनी चांगली सायकल घेतली, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक शब्द घोळू लागला. कार्बन!

मी सायकल चालवतो आणि हाताने खोलून जोडतोही, म्हणून माझ्याकडे तरुण मंडळी विचारायला येतात. प्रश्न ठरलेला असतो. “काका, सगळं मिळून बजेट दीड-दोन लाख आहे. कार्बनची कोणती फ्रेम घेऊ?” दीड-दोन लाख ही सामान्य घरात लहान रक्कम नाही. कोणी बोनस बाजूला ठेवलेला असतो, कोणी बायकोला कसंबसं पटवलेलं असतं. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

आधी कार्बन म्हणजे काय ते पाहू. कार्बन फायबर हा धागा आहे, माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका बारीक. असे हजारो धागे शेजारी-शेजारी ठेवून त्यांत इपॉक्सी नावाचं राळेसारखं रसायन मुरवतात. त्याचे कागदासारखे ताव होतात. हे ताव ठरावीक आकारात कापून, एकावर एक थर देत साच्यात बसवतात आणि उष्णता व दाब देऊन पक्के करतात. एका फ्रेममध्ये असे शेकडो तुकडे असतात आणि ते बहुतांशी हाताने लावले जातात.

लाकूड फोडणाऱ्याला हे चटकन कळेल. ओंडका रेषेच्या दिशेने घाव घातला तर सहज फाकतो, आडवा घाव घातला तर कुऱ्हाड अडकते. कार्बनचंही तसंच आहे. धाग्याच्या दिशेने तो पोलादाला लाजवेल, पण आडव्या दिशेने त्याला फारसा जोर नाही. म्हणून काही थर सरळ, काही तिरके, काही आडवे लावावे लागतात. पॅडल मारताना जिथे जोर येतो तिथे जास्त थर, जिथे थोडी लवचीकता हवी तिथे कमी. फ्रेमची खरी विद्या या मांडणीत आहे.

जाहिरातीत मात्र वेगळंच ठळक छापलेलं असतं. टी-७००, टी-८००, टी-१०००. जपानच्या तोरे कंपनीच्या धाग्यांच्या प्रतींची ही नावं. वरचा आकडा म्हणजे अधिक ताकदीचा धागा हे खरं. पण पैठणीचा रेशीमधागा उत्तम असला म्हणून विणणारा चांगला आहे असं ठरत नाही. मांडणी चुकलेली, मध्ये हवेचे बुडबुडे राहिलेली टी-१०००ची फ्रेम ही नीट बनवलेल्या टी-७००च्या फ्रेमपेक्षा केव्हाही वाईट. शिवाय आत कोणता धागा आहे हे रंगाच्या खाली कोण बघणार?

आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मोठ्या कंपनीच्या फ्रेम जिथे बनतात त्याच कारखान्यात ही बनते.” जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम चीन आणि तैवानमध्ये बनतात, त्यामुळे हे अगदीच खोटं असेल असं नाही. पण आचारी एकच असला तरी यजमानाने जेवढं तूप आणून दिलं तेवढंच पानात पडतं. थरांचा आराखडा कोणाचा, तपासणीत किती फ्रेम बाद केल्या, आणि उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार, हे ज्याचं नाव फ्रेमवर असतं तो ठरवतो.

इथेच कार्बनचा जुन्या धातूंपेक्षा मोठा फरक आहे. पोलाद वाकतं. अॅल्युमिनियमला चीर पडते, आणि ती बहुधा आधी बाहेर दिसते. कार्बनमध्ये मात्र आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत असतो. असा भाग एखाद्या दिवशी काहीही न सांगता तुटू शकतो. पसरणी घाट ताशी पन्नासच्या वेगाने उतरताना पुढचा फोर्क तुटला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्वस्त कार्बन घेताना पहिला प्रश्न वजनाचा नसावा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची खात्री कोण देतंय, हा असावा.

खात्री म्हणजे काय मागायचं? सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात फ्रेमवर पॅडलच्या जागी एक लाख वेळा जोर देऊन पाहतात, पुढून-मागून ताण देतात, ठरावीक उंचीवरून साडेबावीस किलोचं वजन आदळतात. विक्रेत्याला विचारा, या फ्रेमची आणि फोर्कची या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का? याच मॉडेलचा अहवाल दाखवाल का? स्वतःच्या नावाने फ्रेम विकणारे, मोठ्या जाहिराती न करणारे काही लहान उत्पादक हा अहवाल देतात आणि लेखी हमीही देतात. त्यांचा विचार जरूर करा. याउलट दोन लाखांची नामांकित फ्रेम कोणी पंचवीस हजारांत ‘थेट फॅक्टरीतून’ देत असेल, तर ती नक्कल आहे असं समजून पुढे चला. त्यावरचं नाव फक्त रंगाचं असतं.

परदेशातून मागवताना किमतीत सीमाशुल्क, कर आणि कुरिअर मिळवा. फ्रेम खराब निघाली तर परत पाठवायचा खर्च कोण करणार, हे आधी लेखी घ्या. हमीचा कागदही नीट वाचा. ‘आजीवन हमी’ ही बहुधा पहिल्या मालकापुरती असते आणि अपघात त्यात धरलेला नसतो.

आता वजनाचा हिशेब करू. चांगली अॅल्युमिनियमची फ्रेम साधारण चौदाशे ग्रॅमची, कमी बजेटची कार्बन फ्रेम हजार-अकराशेची. फरक धरा ४०० ग्रॅम. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो धरले, तर ४०० ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. तासाभराच्या उभ्या चढावर तुमचे फार तर अठरा सेकंद वाचतील. सपाटीवर तेवढेही नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला किमान ६.८ किलोची मर्यादा घातली आहे. तिथे जिंकणाऱ्यांना अठरा सेकंदांचं मोल आहे. शनिवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाणाऱ्या आपल्यासारख्यांना किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मग कार्बनचा फायदा काहीच नाही का? आहे. नळीला हवा तो आकार देता येतो. पॅडलपाशी ताठ आणि बैठकीपाशी थोडी नरम अशी फ्रेम बनवता येते. लांबच्या पल्ल्यात हे जाणवतं. पण हा फायदा मिळतो तो फ्रेम तुमच्या अंगाला बसली तर. उसना सदरा रेशमी असला तरी बगलेत काचायचा तो काचतोच.

माप बघताना ५२, ५४, ५६ या आकड्यांवर विसंबू नका. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२एवढी निघते. दोन मापं बघा. पॅडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीच्या टोकापर्यंतची उभी उंची, तिला स्टॅक म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर, त्याला रीच म्हणतात. प्रत्येक जबाबदार उत्पादक हे आकडे तक्त्यात देतो. सध्याच्या सायकलीवर तुम्ही चार तास आरामात बसत असाल, तर तिची मापं टेपने घ्या आणि ताडून पाहा. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला स्टॅक थोडा जास्त असलेली, म्हणजे हँडल जरा वर येणारी फ्रेम मानवते. शर्यतीची फ्रेम ऐटबाज दिसते, पण तीन महिन्यांत पाठ धरली की विकायला निघते.

आपल्या रस्त्यांचाही विचार हवा. निदान ३० मिलिमीटरचा टायर बसेल एवढी जागा फ्रेममध्ये असावी. खड्ड्यांचे दणके सोसायला थोडा रुंद टायर आणि त्यात बेताची हवा याइतका स्वस्त उपाय नाही. पावसात घाट उतरायचा असेल तर डिस्क ब्रेकची फ्रेम घ्या. आज साध्या ब्रेकची घेऊन उद्या तिला डिस्क लावता येत नाही. पॅडलच्या धुरीचं बेअरिंग आट्यांनी बसणारं असेल तर उत्तम. मधल्या काळात बेअरिंग दाबून बसवायची पद्धत आली, कुरकुरीच्या तक्रारी वाढल्या, आणि अनेक मोठ्या कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. सगळ्या केबल हँडलच्या आतून नेलेल्या फ्रेम देखण्या दिसतात, पण साधं बेअरिंग बदलायला अख्खा पुढचा भाग खोलावा लागतो. तुमच्या गावात ते करणारा मिस्त्री आहे का? मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर बसतो तो हँगर सायकल पडली की वाकतो. तो कुठेही मिळणारा असावा आणि एक जादा घेऊन ठेवावा.

आता जुन्या फ्रेमविषयी. ओळखीतला एक मुलगा स्वस्तात मिळालेली कार्बन फ्रेम घेऊन माझ्याकडे जोडायला आला. रंग नवा, दिसायला झकास. मी रुपयाचं नाणं घेऊन नळीवर हळूहळू वाजवत गेलो. सगळीकडे टणक आवाज येत होता. खालच्या नळीवर वीतभर पट्टा आला तिथे आवाज बसका झाला. त्याच्या संमतीने तिथला रंग घासला तर खाली लांबी भरलेली आणि लांबीखाली तुटलेले धागे. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. मुलाचे पैसे गेले, पण घाटात जायच्या आधी कळलं एवढंच समाधान. नाण्याची ही परीक्षा पूर्ण नाही. आवाज ठीक आला म्हणजे फ्रेम ठीकच असं होत नाही. पण बसका आला तर मात्र पैसे खिशातच ठेवा. नव्याने रंगवलेली जुनी कार्बन फ्रेम तर शक्यतो घेऊच नका.

घेतल्यावर जपणंही आलं. कार्बनवर कुठलाही बोल्ट अंदाजाने आवळू नये. किती जोर द्यायचा ते भागावर छापलेलं असतं, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि त्यासाठी टॉर्क रेंच नावाचा पाना मिळतो. तो फ्रेमबरोबरच घ्या. सीटपोस्ट घसरू नये म्हणून कार्बनसाठीची खास पेस्ट लावा. कॅरियरवर किंवा स्टँडवर सायकल मधल्या नळीला चिमटीत पकडू नका. मुंबईच्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट कार्बनच्या फ्रेममध्ये गंजून घट्ट बसतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तो काढून पुसून घ्या. आणि सायकल जोरात आपटली असेल, तर रंग शाबूत आहे म्हणून पुन्हा स्वार होऊ नका. फोर्क काढून त्याची वर गेलेली नळी उजेडात तपासा.

तेव्हा त्या दीड-दोन लाखांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं असतं. आधी माप, मग फोर्क, मग हमी देणारा माणूस, आणि या तिन्हींतून पैसे उरले तर कार्बन. उरले नाहीत तर चांगली अॅल्युमिनियमची फ्रेम, तिला चाचणी झालेला कार्बनचा फोर्क, बरी चाकं आणि उत्तम टायर घ्या. या बजेटमध्ये अशी सायकल अनेकदा मिळते आणि ती २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांच्या मुदतीत खुशाल पुरी करते. पुढेमागे ऐपत वाढली, तर तीच चाकं नव्या फ्रेमला बसतील की नाही एवढं मात्र आज खरेदी करतानाच बघून ठेवा.

विचारायला आलेल्यांपैकी काही जण हे ऐकून हिरमुसतात. पण दुकानात जाण्याआधी मी त्यांच्याकडून एक काम करून घेतो. विक्रेत्याला विचारायचे प्रश्न कागदावर लिहायला लावतो. चाचणी कोणती, हमी किती वर्षांची आणि कोणाची, स्टॅक-रीच किती, टायर किती रुंद बसतो, हँगर कुठे मिळतो. पाच प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा दुकानदार भेटला, तर फ्रेम कोणती घ्यायची हे सहसा तिथेच ठरतं.